खालाचा रोजा आणि आमचा रिपोर्ट

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मधे माडांच्या वाड्या. मालवणहून तारकर्लीमार्गे दक्षिणेला जात राहिलं की शेवटी नदी समुद्राला मिळते. त्या संगमाच्या अलीकडे आमच्या खालाचं घर. आम्हा दोघी बहिणींची लहानपणची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथे गेली. पुढे आम्ही दोघीही डॉक्टर झालो आणि एकीपाठोपाठ एक रेडिऑलॉजी शिकायला घाटावरच्या एका शहरात गेलो. खालाला तो शब्द कधी उच्चारता आला नाही. शेजारणींना ती अभिमानाने सांगायची, "आमची चेडवां पोटात काय हा तां बघतत."

पोटात बघणं म्हणजे खरं तर ऐकणं. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. पोटाच्या सोनोग्राफीत आम्ही साधारण तीस-पस्तीस लाख हर्ट्झचा आवाज आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. खालाच्या शेजारच्या ट्रॉलरवर मासळी शोधायचं यंत्र होतं, त्याचंही तत्त्व हेच. शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, समुद्राच्या पाण्यातून सुमारे 1500 मीटर. म्हणजे आवाजाच्या दृष्टीने माणसाचं पोट आणि देवबागचा दर्या यांत फारसा फरक नाही. शेजारचा तांडेल एकदा म्हणाला होता, "मासो दिसता, पण कसलो तो जाळ्यात गावल्याशिवाय कळना नाय." शिकताना हे वाक्य आम्हाला पुष्कळदा आठवलं.

या विद्येच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट पोटाच्या आजारांचीच आहे. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी 1955 मध्ये, धातूतल्या भेगा शोधण्याचं कारखान्यातलं यंत्र ऑपरेशनने काढलेल्या गाठींवर लावून पाहिलं. 1958 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. जठराचा असाध्य कॅन्सर समजलेल्या एका बाईच्या पोटात अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ आहे, हे त्यांच्या यंत्राने दाखवलं. गाठ काढली आणि बाई वाचली. आपल्याकडे शरीररचनेच्या शास्त्राला 'इल्म-ए-तशरीह' म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शिराझच्या मन्सूर इब्न इल्यास यांनी फारसीत सबंध मानवी शरीराच्या चित्रांसह 'तशरीह'चा ग्रंथ लिहिला. 'तशरीह' म्हणजे उलगडून सांगणं हेही आम्हाला ठाऊक होतं. उलगडायचं ते पूर्ण उलगडावं लागतं, हे मात्र खालाने शिकवलं.

2016 च्या सुरुवातीला खालाला साखर निघाली. वय बासष्ट, घराण्यात कुणाला मधुमेह नाही. मग भूक गेली, अंग उतरलं. पोटाच्या वरच्या भागात दुखायचं, ते पाठीत जायचं. रात्री उठून पुढे वाकून बसली की बरं वाटायचं. हे सगळं तिने फोनवर आम्हाला सांगितलं होतं. मालवणला दाखव म्हटलं तर तयार नाही. परक्या पुरुषासमोर पोट उघडं टाकायचं नाही, हा तिचा हट्ट. "मशीन घेऊन तुमीच येवा," म्हणाली. मशीन असं नेता येत नाही, हे तिला समजावताना नाकी नऊ आले. पोटातली मुलगी मारली जाऊ नये म्हणून महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला, आणि 2012 पासून तर पोर्टेबल मशीनच्या वापरावर कडक बंधनं आली. खाला म्हणाली, "पोरींसाठी केलेलो कायदो, मग बरो."

त्या वर्षी रमजान जूनमध्ये आला. खाला सहरी करून पहाटे निघाली आणि भर पावसात एसटीने घाट चढून दुपारी आमच्यापुढे उभी राहिली. रोज्याने होती.

पोटाच्या सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी राहायला सांगतात. खाल्लं की पित्ताशय आकसतं. उपाशीपोटी ते पित्ताने भरून फुगतं आणि नीट दिसतं. त्यामुळे रोजेदार पेशंट दुपारी तयारच येतो. पोटावरच्या जेलीने रोजा तुटत नाही, हेही खालाने मौलानांना आधीच विचारून ठेवलं होतं.

पित्ताशय तुडुंब भरलेलं. त्यात तीन खडे. पांढरे, चमकदार, प्रत्येकाच्या मागे काळी सावली. कुशीवर वळवल्यावर खडे घरंगळले. पाठ्यपुस्तकातलं चित्र! आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुखण्याचं कारण सापडलं होतं. पित्तनलिका मोजली, सात मिलिमीटर. सहापर्यंत ठीक मानतात, पण साठीनंतर थोडी रुंद असतेच, असं आम्ही म्हटलं. मग स्वादुपिंड. ते जठराच्या मागे दडलेलं असतं आणि जठरात, आतड्यात हवा असली की आवाज तिथूनच उलटा फिरतो, पुढचं काही दिसत नाही. खालाचंही दिसलं नाही. अशा वेळी पेशंटला पाणी पाजतात. भरलेलं जठर खिडकीसारखं होतं आणि तिच्यातून मागचं स्वादुपिंड दिसतं. पण खालाला रोजा होता.

आम्ही पाणी विचारलंच नाही. "स्वादुपिंड वायूमुळे अंशतः दिसले" असं लिहिलं. वरिष्ठांची सही झाली, पण पाहिलं होतं आम्हीच.

दोष रोज्याचा नव्हता. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत सूरह अल-बकरामध्येच आहे. खाला त्या दिवशी आजारीही होती आणि मुसाफिरही. शिवाय पाण्यावाचूनही मार्ग होते. तिला बसवून पाहता आलं असतं. प्रोब हलक्या हाताने दाबून हवा बाजूला सारता आली असती. खड्यांसाठी कुशीवर वळवलं होतंच, त्याच वेळी स्वादुपिंडावर प्रोब नेता आला असता. रात्री ती आमच्याच खोलीवर राहिली, इफ्तारला आमच्यासमोर दोन ग्लास पाणी प्यायली. सकाळी पुन्हा तपासता आलं असतं. पण खडे सापडले होते. सापडलं की शोध थांबतो, हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

ऑगस्टमध्ये खालाचे डोळे पिवळे झाले. गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध सुरू झालं, गळ्यात माळ आली. अंगाला खाज, शौचाला पांढरट, लघवी चहासारखी. हे ऐकलं आणि आमचे हातपाय गार पडले. यकृताला सूज येऊन होणाऱ्या काविळीत नलिका फुगत नाहीत. वाट अडली तर फुगतात. या वेळी यकृतात प्रत्येक शिरेच्या बाजूने फुगलेली पित्तनलिका दिसत होती, दुनळी बंदुकीसारखी. तिच्या मागोमाग खाली उतरलो तर स्वादुपिंडाच्या डोक्यात काळसर, वेडीवाकडी गाठ. सीटी स्कॅनमध्ये ती मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली निघाली. ऑपरेशन शक्य नव्हतं. नलिकेत स्टेंट घातला, कावीळ उतरली, खालाला काही महिने मिळाले.

जूनमध्ये गाठ दिसली असती तर ती वाचली असती का? या आजारात दोन महिन्यांनी किती फरक पडला असता, ते कुणीच छातीवर हात ठेवून सांगणार नाही. लोक याच उत्तराने आमचं समाधान करतात. आमचं होत नाही.

डिसेंबरात आम्ही देवबागला गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती पडवीत बसली होती, अंगावर शाल. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "इचारलात असतां तर पाणी प्यायलंय असतंय, गे. येक रोजो मागसून धरूक येता." आणि आमच्यासाठी शहाळी काढायला तिने माणूस बोलावला. फेब्रुवारी 2017 मध्ये ती गेली.

आता आम्ही दोघीही शिकवतो. नवीन मुलं-मुली पोटावर प्रोब ठेवतात तेव्हा आम्ही ठरलेला क्रम घालून देतो : यकृत, पित्ताशय, पित्तनलिका, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं, महाधमनी, मूत्राशय, आणि शेवटी पोटात कुठे पाणी साठलंय का ते. पहिल्याच ठिकाणी दोष सापडला तरी शेवटपर्यंत जायचं. पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि वजन उतरलं, तर स्वादुपिंड पाहिल्याशिवाय पेशंटला उठू द्यायचं नाही. आणि "वायूमुळे दिसले नाही" असं लिहिलं, तर त्याखाली दुसरं वाक्य हवंच : पेशंटला पुन्हा कधी बोलावलं आहे, किंवा पुढची कोणती तपासणी सांगितली आहे.

रमजानमध्ये दुपारी बुरख्यातल्या बाया आमच्याकडे येतात, पुष्कळशा आम्ही बाया आहोत म्हणूनच येतात. टेबलावर झोपवण्याआधी आम्ही विचारतो, "रोजा आहे? मग इफ्तारनंतर पुन्हा याल का? नाहीतर आज थोडं पाणी प्याल?" काहीजणी रागावतात. बहुतेकजणी हसतात आणि म्हणतात, संध्याकाळी येते. त्यांच्यासाठी आम्ही थांबतो.