ठेका आणि हुंदका

हैदराबाद

प्रिय मित्रा,


कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखच्या तंतुवाद्यांच्या सिंफन्या तुला धड जुन्या वाटत नाहीत, धड नव्याही. त्याच्या वडिलांकडून, थोरल्या बाखकडून, मोझार्टकडे जाताना लागणारं एक स्टेशन, एवढीच त्यांची किंमत तू करतोस. मला हे पटत नाही. 1773 मध्ये हांबुर्गला त्याने या सहा सिंफन्या लिहिल्या तेव्हा तो साठीकडे झुकला होता. ते काही चाचपडण्याचं वय नव्हे. लिहून मागणारा बॅरन फान स्वीटन हाही जाणकार. वाजवणाऱ्यांना जड जाईल याची फिकीर करू नकोस, असं त्यानेच सांगितलं होतं. यातली बी मायनरमधली पाचवी घे. केवळ तंतुवाद्यं आणि आधाराला हार्पसिकॉर्ड, ही मांडणी वडिलांच्या काळातलीच. पण त्या काळच्या बरोक संगीतात सहसा एका भागात एकच भाव शेवटपर्यंत नेत, आणि इथे नेमका तोच शिरस्ता मोडला आहे. हळुवार सूर चालू असताना सगळी वाद्यं अचानक उसळतात आणि पुन्हा मवाळ होतात.

ही नुसती चमत्कृती, असं तू म्हणशील. पण धक्का बसायचा तर आधी चाल अंगात भिनावी लागते, आणि ती भिनवते खर्जातली जुन्या वळणाची ओळ. इथे बशीरबागेत 1968 मध्ये ज्यांचं निधन झालं, त्या बडे गुलाम अली खाँसाहेबांची ठुमरी आठव. एकाच बोलातून आर्जव, रुसवा, विरह उमटत जातो आणि खाली ठेका संथ चालू असतो. ठेका काढून घेतला तर नुसता हुंदका उरेल. तबला थांबत नाही, बाखचा खर्ज मात्र मध्येच थांबतो, हा फरक मला मान्य आहे. पण खर्ज आधी अखंड चाललेला असतो, म्हणूनच ती शांतता कानाला टोचते. वादक स्वतः हेलावल्याशिवाय श्रोत्याला हेलावू शकत नाही, हे बाखने 1753 च्या ग्रंथात मांडलं. त्याच ग्रंथाच्या 1762 मधल्या दुसऱ्या भागात खर्जावरच्या साथीचे नियम बारकाईने दिले. त्याच्या लेखी भाव आणि खर्ज या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

स्वीटनच्याही नव्हत्या. पुढे 1782 मध्ये व्हिएन्नात मोझार्टपुढे थोरल्या बाखचे फ्यूग ठेवले, ते त्यानेच.


तुझा मित्र