केडगावची नजर

दुष्काळाचे छायाचित्र पाहणाऱ्याला हेलावते आणि त्याच वेळी नकळत वरच्या पायरीवर बसवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनांच्या अहवालांत अशी चित्रे जोडीने छापत: आधी बरगड्या दिसणारे पोर, नंतर तेच धुतल्या कपड्यांत. ते पोर कुठल्या गावचे, त्याला काय सांगायचे आहे, याला तिथे क्वचितच जागा असे. यात दोष कॅमेऱ्याचा नाही. माणसाची प्रतिष्ठा जाते ती पाहण्याचा हक्क एकाच बाजूला राहिल्यामुळे, आणि हे दौंड तालुक्यातल्या केडगावइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

केडगावात पुढे काम उभे करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी भूक बाहेरून पाहिलेली नव्हती. उपासमारीतच त्यांचे आईवडील गेले. १८८७ साली अमेरिकी वाचकांसाठी त्यांनी ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिले. घरातली दुःखे परक्यांपुढे मांडून त्यांनी देशाला लाज आणली, असा आक्षेप आजही ऐकू येतो. पण दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, त्यांनी अमेरिकेवर मराठीत प्रवासवृत्त काढले. तिथल्या स्त्रियांच्या संघटना आणि शिक्षण यांचे कौतुक करताना त्यांनी मूळ रहिवाशांवरचा अन्याय आणि रंगभेदही नोंदवला. जिच्याकडे अमेरिका दयेने पाहत होती, तीच अमेरिकेला पारखत होती. माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी लेखन हेच.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी राहिली. त्यासाठी परदेशातून देणग्या आल्या. उपाशी मुलीला आधी भाकरी हवी, तेव्हा करुणा जागवणारे चित्र सरसकट त्याज्य म्हणता येणार नाही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, आणि आश्रितेला धर्म निवडण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्नही खरा आहे. तो झाकू नये. पण त्याच आवारात छापखाना होता. तिथे मुली खिळे जुळवत, उलटे अक्षर वाचत, काना-मात्रा बसवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर याच हातांनी छापले. अहवालातल्या चित्रात त्या मुली पाहिल्या जात होत्या, छापखान्यात त्या मजकूर घडवत होत्या.

आज दौंड-शिरूरच्या ऊसतोडीच्या फडांत हंगामाला कॅमेरे येतात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई, कोपीपुढे धुळीत पोर, ही चित्रे आता पाठ झाली आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, ती फिटली किती, पोराची शाळा कुठे सुटली, हे त्या बाईच्याच तोंडून चित्राखाली यायला हवे, आणि चित्रही तिच्या संमतीनेच छापायला हवे. अशाने कठोर वास्तव छापलेच जाणार नाही, असे कुणी म्हणतील. मला ते पटत नाही. शोषणाचा पुरावा उचलीच्या हिशेबात आणि फडातल्या कामाच्या तासांत असतो, तो तिच्या चेहऱ्यावाचूनही देता येतो. चेहरा छापायचा तर आधी फोटो तिला दाखवावा, आणि ती नको म्हणाली तर तो छापू नये.