सेन्सर बदलण्याआधी तार बघा

आज भाताचं नाही, गाडीचं सांगतो.

मृगाच्या तोंडावर महाडहून खताच्या गोण्या भरून हिरकणीवाडीला येत होतो. कोंझर सोडून पाचाडच्या चढाला लागलो आणि पिकअपचा दमच गेला. इंजिनचा दिवा पेटला, पायडल पूर्ण दाबलं तरी गाडी रांगत चालली. बंद करून चालू केली की थोडी ओढायची, खड्ड्यात आदळली की परत तेच. अर्ध्या गोण्या ओळखीच्या पडवीत उतरवून कसाबसा घरी आलो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. दोन कोड आले, पायडल सेन्सर आणि बूस्ट सेन्सर. "दोन्ही बदला, नाहीतर टर्बो खोलावा लागेल." खर्च ऐकला आणि लावणीच्या मजुरीचे पैसे गेलेच म्हणून समजलो.

मग ओळखीच्या वायरिंग मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "दादा, दोन सेन्सर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. दोघांना करंट एकाच तारेतून जातोय का ते आधी बघू."

किल्ली ऑन, इंजिन बंद. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन सेन्सरच्या सप्लायला. बरोबर ५ व्होल्ट! मग त्याने वायरिंगचा जुडगा हाताने हलवला. आकडा शून्यावर. किल्ली बंद करून दोन्ही सेन्सरचे सॉकेट काढले, परत ऑन करून जुडगा हलवला, तरी शून्य. म्हणजे सेन्सर चांगले होते. पत्र्याच्या क्लॅम्पवर घासून तार उघडी पडली होती, धक्का बसला की बॉडीला टेकायची. सप्लाय गेला की ईसीयूला खरं माप कळत नाही. मग इंजिन जपायला तो डिझेल कमी सोडतो आणि गाडीची ताकद जाते.

तार जोडली, स्लीव्ह चढवली, क्लॅम्पखाली रबर घातलं, कोड पुसले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोण्या घेऊन तोच चढ चढलो.

कोड म्हणजे निदान नव्हे. माप कुठे चुकतंय एवढंच तो सांगतो. भात पिवळं पडलं की आपणही लगेच युरिया फेकतो, पण कधी पाणी साचून मुळंच गुदमरलेली असतात. तसंच हे.

पावसाआधी एवढं करा. बॅटरीची अर्थिंग घासून घट्ट करा, सॉकेटात पाणी किंवा हिरवट गंज आहे का बघा, उंदरांनी तारा कुरतडल्यात का तपासा. तपासताना तारेला सुई टोचू नका, त्याच भोकातून पुढे पाणी शिरतं.

तुमच्या गाडीला असं झालं असेल तर खाली लिहा, दुसऱ्याचे पैसे वाचतील.