सोप्यातल्या दोन खुर्च्या

बेळगावातील किर्लोस्कर रोडवरून जाताना त्या नावामागचा कारखाना फारसा कुणाला आठवत नाही. आम्हांला आठवतो, तो घरच्या दोन लोखंडी खुर्च्यांमुळे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंगांधळेपणा आडवा आला. मग त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली आणि तोच विषय शिकवला. १८८८ साली बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी ते नांगर दोन वर्षे पडून राहिले! १९१० साली शहराच्या विस्तारापायी जागा सोडावी लागली, आणि औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

आमच्या खुर्च्या आल्या त्या वाडीहून, पुढच्या पिढीच्या अमदानीत. शंतनुराव अमेरिकेतून शिकून १९२६ साली परतले होते. पंप-नांगरांच्या जोडीला घरगुती लोखंडी सामानही तेथे होऊ लागले होते. आमच्या सोप्यात तोवर जाजम, लोड, तक्के. आजोबांनी रेल्वेने दोन खुर्च्या मागवल्या. नक्षी नाही, कातीव पाय नाहीत. वळवलेले लोखंड, पत्र्याची बैठक, वर गर्द हिरवा रंग. आल्यागेल्यांना त्या दवाखान्यातल्या वाटत. आजोबांना मात्र त्यांच्या साध्या, सरळ रेषांचा अभिमान होता.

आजी त्यांवर कधी बसली नाही, असेच आम्ही समजत होतो. थोरांसमोर ती पाटावर नाहीतर उंबऱ्याशी.

वाडा विकायचा ठरला तेव्हा भंगारवाला खुर्च्या तराजूत घालू लागला. आम्हीही गप्प होतो. खोटे कशाला सांगावे? ऐंशी उलटलेल्या आत्याने त्याला थांबवले आणि एका खुर्चीची पुढची आडवी पट्टी दाखवली. दुसरीच्या हातांवरचा रंग गेला होता, हिच्या पट्टीवरचा. आजी ठेंगणी, पाय जमिनीला टेकत नसत. दुपारी पुरुष मंडळी कचेरीत गेली, की ती पट्टीवर पाय ठेवून 'स्त्री' मासिक वाचत बसे. १९३० साली शं. वा. किर्लोस्करांनी सुरू केलेले ते मासिकही त्याच वाडीतून निघे. खुर्ची आणि तिच्यावर बसण्याचे धैर्य, दोन्ही आमच्या घरी एकाच पत्त्यावरून आली, हे आम्हांला इतक्या उशिरा उमगले.

खुर्च्या राहिल्या. पुतण्याने एक उद्यमबागेत नेऊन नव्याने रंगवून आणली, छान दिसते. दुसरी आम्ही दिली नाही. पावसाळ्यापूर्वी तिला खोबरेल तेलाचा हात फिरवतो, पट्टीलाही.