आलापल्लीला जाण्याआधी



आमच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे, आलापल्ली. नातवाला वाढदिवसाला तंबू मिळाला, तेव्हापासून त्याला जंगलात मुक्काम करायचा आहे. मोबाइलवर त्याने अमेरिकेतल्या सिकोया नॅशनल पार्कची झाडे पाहिली आणि "आजी, एवढी मोठी झाडं!" म्हणून मला दाखवायला आला. मी म्हटले, "आपल्या गडचिरोलीचा सागवान आधी बघ."

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने सुमारे १६ किलोमीटरवर 'वनवैभव' आहे. न तोडता राखलेले सहा हेक्टरांचे जुने जंगल, मान वर करून बघावे असे सागवान. २०१४ मध्ये ते राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ झाले. झाडांमध्ये तंबू ठोकायचा नाही. मुक्काम आलापल्ली गावात, आणि परवानगी मिळाली तर तंबू तिथल्या अंगणात.

मी बी.कॉम. झालेली. वहीत रकाने पाडल्याशिवाय माझे काम सुरू होत नाही. कार्तिकातली अष्टान्हिका आटोपली की निघायचे. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवस, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी दळण आणले तरी पुरते. दशम्या, खाकरे, मुगाचे लाडू सोबत. गाळलेले पाणी ४८ मिनिटेच चालते, उकळलेले २४ तास, म्हणून मोठे पातेले हवे. गाळणे आणि तळाला कडी असलेली बादली आधी भरली. विहीर मिळाली तर जीवाणी अलगद परत सोडता येईल. त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचच्या आत सगळ्यांची जेवणे.

एवढे नातवाने ऐकून घेतले. शेकोटी नाही म्हटल्यावर मात्र रुसला. "शेकोटीशिवाय कसलं कॅम्पिंग?" मी त्याला सांगितले, रात्री उजेडावर किडे झेपावतात आणि जळतात, वाळक्या पानांखाली तर किती जीव असतील. "आपण त्यांच्या घरी पाहुणे चाललो ना?" तो काही बोलला नाही. पटले की नाही, कोण जाणे.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या घरातली बंगई आलापल्लीच्या सागवानाची आहे. चाळीस वर्षे मी तिला जवसाचे तेल लावते आहे. मामंजींचे लकडगंजात लाकडाचे दुकान होते. स्वाध्यायात श्रावकाने टाळायची पंधरा खरकर्मे ऐकली, त्यात वनजीविका आली आणि त्यांनी दुकान बंद करायचे ठरवले. माझे लग्न होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. पुढची सहा-सात वर्षे ओढाताणीची गेली. ह्यांनी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिले, मी शिकवण्या घेतल्या. मामंजींना कुणी उलटून बोलले नाही, पण ह्यांच्या मनातली अढी आजही आहे. "झाडं वाचली का त्यानं? लाकूड दुसऱ्यानं विकलं," असे ते अजून म्हणतात.

ते खोटे नाही. दुकान गेले तरी लकडगंज चालूच राहिले. माझ्या वहीत सोसलेल्याचा हिशेब आहे, पण आधी ज्या झाडांवर आम्ही जेवलो त्यांचा रकाना कोरा आहे. एक उभा सागवान मी आजवर नीट पाहिलेला नाही, पाहिल्या त्या फळ्याच. म्हणून मला जायचे आहे. नातवाला झाड दाखवायचे निमित्त आहे. त्या झाडापुढे उभे राहून "खामेमि" म्हणायचे आहे, मामंजींच्या वतीने आणि माझ्याही.

ह्यांना चला म्हटले तर म्हणाले, "लाकूड खूप पाहिलं आयुष्यात." मी आग्रह केला नाही. चार दिवसांनी मी यादी वाचत होते, तेव्हा बंगईवरूनच आवाज आला, "बॅटरी घातलीस का यादीत? मला रात्री उठावं लागतं."

यादीत एक बॅटरी वाढवली आहे.

तुम्ही प्रवासाला दशम्या मऊ राहाव्यात म्हणून काय करता, तेवढे मात्र नक्की कळवा.

जय जिनेंद्र.