भाकरीच्या मुलखातली खिचडी

आमचं मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही सगळे कोण खूश! पण शाळेतल्या दुपारच्या जेवणात ही ज्वारी शोधायला जाऊ नका. तिथे तांदूळ. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा पोरं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायची. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि पुढे तोच तांदूळ शिजून ताटात येऊ लागला. मधे योजनेचं नाव बदललं, पाककृती बदलल्या, पोतं मात्र अन्न महामंडळाचंच.

खिचडीला नावं ठेवत नाहीये हं. ज्या घरात सकाळी चूल पेटत नाही, तिथल्या पोराला तिची किंमत विचारा. पण भाचा परवा सहज बोलून गेला, "मामा, भाकरी घरी खायची असते, शाळेत नाही." ते काही डोक्यातून जाईना.

शेजारच्या काकू शाळेत स्वयंपाक करतात. त्यांना म्हटलं, भाकरी का नाही करत? "दोनशे पोरांच्या भाकऱ्या थापायला तू येतोस का रे?" गप्प बसलो. मग त्याच म्हणाल्या, "गिरणीतून भरड काढून आण. कण्या करते. एका पातेल्यात होतात, वर ताक दिलं की पोरं पोटभर खातील."

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत आठवड्यातून एक दिवस कण्यांचा, एवढंच मागणार आहे. आबांनी एक पोतं देतो म्हटलंय. दादा, तुझ्या रानातलं दुसरं धरू ना?