डबी डॉक्टरांसमोर ठेवा

ह्यांच्या हृदयात धातूची मायट्रल झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची झाली. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआर तपासत राहायचं आणि तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा.

सिंगापूरहून पुतणी आली, तिने काकांसाठी डॅनशेनच्या गोळ्या आणल्या. चिनी वैद्य छातीच्या दुखण्यावर हे मूळ पूर्वापार देतात. ह्यांना चिनी वैद्यकाचं अप्रूप फार. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे अॅक्युपंक्चर भारतात आणलं, हे ते आल्यागेल्याला सांगतात. गोळ्या लगेच सुरू झाल्या. काही दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर निळे डाग उमटले. आयएनआर पाचच्या वर!

धंतोलीतले आमचे डॉक्टर रागावले नाहीत. "काका, आणखी काय काय घेऊन राहिले तुम्ही? सगळं सांगा." मी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. डॅनशेनने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढतो, हे त्यांनी नीट समजावलं. डबी बंद झाली, तपासण्या वाढल्या, आकडा खाली आला. त्या मधल्या रात्री मी झोपले नाही.

मग महालातल्या आमच्या वैद्यांकडेही सगळे कागद नेले. त्यांनी काढ्यातलं ज्येष्ठमध स्वतःहून काढलं. त्याने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, आणि हे लघवीची गोळीही घेतात. चिनी काढ्यांतही ज्येष्ठमध सर्रास असतं.

चिनी औषधांना मी नावं ठेवणार नाही. २०२३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चीनमधल्या चाचणीत हार्ट अॅटॅकच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला थोंगशिन्लुओ हे चिनी औषध दिलं. महिनाभरात मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गोष्टी घडल्या त्या ३.४ टक्के रुग्णांत. नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या गटात ५.२ टक्के. पण तिथे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललं होतं, आणि कुणाचाही मूळ उपचार थांबवला नव्हता.

तुमच्या घरी हृदयाचा रुग्ण असेल तर एक वही करा. गोळी, काढा, चूर्ण, परदेशातून आलेली डबी, सगळं तीत लिहा आणि ती डॉक्टर व वैद्य दोघांनाही दाखवा. नवं काही सुरू करायच्या आधी दाखवा.